पाणी नाकारण्याचा अधिकार कोणाचा? : पिण्याच्या पाण्याच्या खासगीकरणाचा वाद, महाड ते नागपूर



आजचा विषय आहे पिण्याच्या पाण्याचं खासगीकरण. विषय रोजच्या बातम्यांमधला वाटतो, इतिहासाचा वाटत नाही. आपल्याकडे हा शब्द रूढ झाला तो १९९१ नंतर. त्यामुळे पुष्कळांची समजूत अशी असते की नळाचं पाणी मुळात सरकारचंच होतं, मग जागतिकीकरण आलं, कंपन्या आल्या आणि वाद सुरू झाला. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. लंडनसारख्या शहरात नळाचं पाणी आधी कंपन्यांनी विकलं, आणि ते सार्वजनिक झालं नंतर. का झालं, हे आज आपल्याला बघायचं आहे. कारण ते समजलं नाही तर आजच्या वादात आपण फक्त बाजू घेतो, प्रश्न विचारत नाही.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 'खासगीकरण' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या व्यवहारांना लावतो. पहिला प्रकार म्हणजे धरणं, जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं असं सगळं विकून टाकायचं. हे १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये झालं. दुसरा प्रकार म्हणजे मालकी सरकारची, पण ठरावीक वर्षं सगळा कारभार, वसुली आणि नफा कंपनीचा. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात हा प्रकार झाला. तिसरा प्रकार म्हणजे मालकी आणि दर पालिकेकडे, पण वितरण, मीटर आणि बिलं ठेकेदाराकडे. हा आपल्या नागपूरचा. तिन्हींची फळं वेगळी आहेत, म्हणून तिन्हींना एकाच तराजूत टाकू नये.

तळं 'खासगी' आहे, हा दावा

आपण सुरुवात महाडपासून करू. तुम्ही म्हणाल, चवदार तळ्याचा आणि खासगीकरणाचा काय संबंध? संबंध आहे आणि तो कोर्टाच्या कागदांत आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर केलं. प्रत्यक्षात तिथे पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि त्यानंतर त्यांना मारहाण झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा रूढीचा होता, आणि दुसरा असा की हे तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी स्वरूपाचं आहे. म्हणजे बघा, रस्त्यावरच्या मारहाणीने जे साधलं नाही ते मालकीच्या भाषेत मांडलं गेलं. तळं खासगी ठरलं की पाणी नाकारणं हा अन्याय राहत नाही, तो मालकाचा हक्क होतो. हा खटला दहा वर्षं चालला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अपील फेटाळलं. दावा करणाऱ्यांना खासगी मालकीही सिद्ध करता आली नाही आणि अनादी काळापासूनची रूढीही सिद्ध करता आली नाही.

ह्याच्या शेजारी आणखी एक घटना ठेवू. १८६८ मध्ये पुण्याला जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो हौद खासगी होता, त्यांच्या स्वतःच्या घरचा.

आता ह्या दोन गोष्टी एकत्र बघा. एक नगरपालिकेचं तळं सगळ्यांना बंद, आणि एक खासगी हौद सगळ्यांना खुला. मग 'सार्वजनिक' आणि 'खासगी' ह्या पाट्यांनी आपल्याला काय कळतं? निम्मंच कळतं. पाण्याची मालकी कोणाची, हा एक प्रश्न आहे. पाणी नाकारण्याचा अधिकार कोणाकडे, आणि त्या नाकारण्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हा दुसरा प्रश्न आहे. आमचं म्हणणं असं की गेल्या दोनशे वर्षांत जिथे जिथे पाण्यावरून लोक रस्त्यावर आले, तिथे मुळाशी हा दुसरा प्रश्न होता. ही कसोटी हातात घेऊन आता लंडनला जाऊ. नळाच्या पाण्याचा धंदा आधी तिथे मोठा झाला.

कंपन्यांचं लंडन

१६१३ मध्ये 'न्यू रिव्हर' नावाचा कालवा लंडनला पोचला. लांबून झऱ्यांचं पाणी शहरात आणून पैसे देणाऱ्या घरांना द्यायचं, असा तो व्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये अशा आठ खासगी कंपन्या होत्या. काही भागांत त्यांच्यात चुरस लागली. एकाच रस्त्याखाली दोन-दोन कंपन्यांचे नळ टाकले गेले. पण नळ टाकणं इतकं खर्चिक की ही चुरस कोणालाच परवडेना. मग उत्तर लंडनमधल्या कंपन्यांनी शहर आपसात वाटून घेतलं. तुमच्या गल्लीत एकच कंपनी, तिचाच दर. पाण्याच्या धंद्याचा हा स्वभाव आहे, तो आजही बदललेला नाही. भाजीवाला बदलता येतो, मोबाईल कंपनी बदलता येते, नळ बदलता येत नाही. म्हणून 'स्पर्धेमुळे सेवा सुधारेल' हा युक्तिवाद पाण्याला फारसा लागू पडत नाही. स्पर्धा झालीच तर कंत्राट मिळवताना होते, ते मिळाल्यावर नाही.

गरीब वस्त्यांत कंपन्यांचं पाणी कसं येई? अनेक घरांत मिळून एक नळ, दिवसातून थोडा वेळ, काही ठिकाणी आठवड्यातले ठरावीक दिवसच. बाकी वेळ पिंपात साठवलेलं पाणी प्यायचं. हे वर्णन आपल्याला ओळखीचं वाटेल.

मग १८५४ चा कॉलरा आला. डॉ. जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप ही गोष्ट आपल्याला माहीत असते. पण त्यांचं जास्त मोलाचं काम दक्षिण लंडनमधलं आहे. तिथे साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ ह्या दोन कंपन्यांचे नळ त्याच रस्त्यांवरून, शेजारशेजारच्या घरांत गेले होते. लॅम्बेथने १८५२ मध्ये थेम्समधून पाणी उचलण्याची आपली जागा शहराच्या वर, गटारं नदीला मिळण्याआधीच्या टप्प्यात नेली होती. दुसरी कंपनी शहरातलंच, गटाराचं पाणी मिसळलेलं पाणी उचलत होती. स्नो घरोघर फिरून कोणाच्या घरी कोणाचं पाणी हे विचारत गेले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा आला : साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागे ३७.

ह्या आकड्यांचा अर्थ नीट घेऊ. दोन्ही कंपन्या खासगीच होत्या. एकीने चांगलं काम केलं होतं. म्हणजे खासगी असणं हे आपोआप मरण नव्हतं. पण कोणत्या कंपनीचं पाणी प्यायचं हे त्या घरातल्या माणसाच्या हातात नव्हतं, भाडेकरूच्या तर मुळीच नव्हतं. आणि वाईट पाणी देणाऱ्या कंपनीला जाब विचारायची सोय त्याच्याकडे नव्हती. मतदानाचा अधिकार तेव्हा त्यातल्या बहुतेकांना नव्हताच. पाण्याची जागा बदलायला लावणारा कायदा संसदेने १८५२ मध्ये केला होता, पण कंपन्यांना त्यासाठी १८५५ पर्यंत मुदत दिली होती. १८५४ ची साथ नेमकी त्या मुदतीत आली.

पुढच्या अर्ध्या शतकात ब्रिटनमधल्या शहरांनी एकामागून एक पाणी आपल्या हातात घेतलं. बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन हे स्वतः कारखानदार, समाजवादी मुळीच नव्हते. त्यांनी १८७० च्या दशकात शहराची गॅस कंपनी आणि पाणी कंपनी दोन्ही विकत घेतल्या. गॅसमधून पालिकेने नफा कमवावा, असं त्यांचं मत. पाण्यातला नफा मात्र पाणी स्वस्त करण्यातच जावा, असं ते मानत. धंदा कळणाऱ्या माणसाने हा फरक केला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लंडनच्या आठ कंपन्या १९०२ च्या कायद्याने सार्वजनिक मंडळाकडे गेल्या आणि १९०४ मध्ये मंडळाचा कारभार सुरू झाला.

आपल्याकडे ह्याच काळात मुंबईचा विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने पाणीपुरवठा हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. 'बंधनकारक' हा शब्द महत्त्वाचा. जमलं तर करू, असं नाही.

मग गाडं उलट का फिरलं?

इतकं सगळं असताना १९८० नंतर पाणी पुन्हा खासगी हातांकडे का निघालं? इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे ऐकलं पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. पालिका गळती थांबवत नव्हत्या. नळ शंभर वर्षांचे झाले होते. निवडणुकीच्या भीतीने दर वाढत नव्हते, म्हणून दुरुस्तीला पैसे नव्हते. आणि सगळ्यात बोचरा मुद्दा असा : स्वस्त पाणी मिळत होतं ते नळजोडणी असलेल्या मध्यमवर्गाला. झोपडपट्टीतली बाई टँकरवाल्याकडून हंड्याच्या भावाने कितीतरी महाग पाणी घेत होती. मग 'सार्वजनिक' पाण्याचा फायदा कोणाला मिळत होता? १९९२ मध्ये डब्लिनच्या परिषदेने पाणी ही 'आर्थिक वस्तू' आहे असं तत्त्व मांडलं, ते ह्या पार्श्वभूमीवर. रोग खरा होता. वाद आहे तो औषधाबद्दल.

औषधाचा सर्वांत मोठा डोस इंग्लंडने घेतला. १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने इंग्लंड आणि वेल्समधली दहा जलप्राधिकरणं शेअर बाजारात विकली. विकण्याआधी सुमारे ५ अब्ज पौंडांचं कर्ज सरकारने माफ केलं. म्हणजे कंपन्यांनी कोऱ्या पाटीने सुरुवात केली. सुरुवातीची काही वर्षं गुंतवणूक वाढली, पाण्याचा दर्जा सुधारला, समुद्रकिनारे स्वच्छ झाले. त्यात युरोपीय नियमांचा रेटा होता, पण काम झालं हे मान्य केलं पाहिजे. बिलंही वाढली. बिल थकलेल्या घरांचं पाणी तोडण्याचं प्रमाण इतकं वाढलं की १९९१-९२ ह्या एका वर्षात सुमारे २१ हजार घरांचं पाणी तोडलं गेलं. शेवटी १९९९ च्या कायद्याने घरगुती पाणी तोडण्यावर पूर्ण बंदी आली. कंपन्या खासगीच राहिल्या, पण पाणी नाकारण्याचा अधिकार संसदेने काढून घेतला. आपल्या कसोटीला धरून बघितलं तर त्या सगळ्या प्रयोगातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय.

पण पैशाचा प्रश्न राहिलाच. कर्ज नसलेल्या ह्या कंपन्यांवर तीन दशकांनंतर मिळून ६० अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे, आणि ह्या काळात भागधारकांना लाभांश मिळत राहिला. लंडनला पाणी देणारी थेम्स वॉटर ही सर्वांत मोठी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. नद्यांत सोडलेल्या मैलापाण्यावरून तिथे जनक्षोभ आहे. स्कॉटलंडने मात्र हा रस्ता घेतला नाही. १९९४ मध्ये तिथल्या स्ट्रॅथक्लाइड भागात टपालाने मतदान झालं. ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या ९७ टक्क्यांनी खासगीकरणाला नकार दिला. स्कॉटलंडचं पाणी आजही सार्वजनिक आहे.

कोचाबांबा : विहीरसुद्धा करारात

दुसरा प्रकार, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी सगळा कारभार देण्याचा. बोलिव्हियाने १९९९ मध्ये कोचाबांबा शहराचं पाणी ४० वर्षांसाठी 'आग्वास देल तुनारी' ह्या कंपनीला दिलं. तिच्यामागे बेक्टेल ही अमेरिकी कंपनी होती. निविदा भरणारी ही एकटीच. करारात गुंतवणुकीवर सुमारे १६ टक्के परताव्याची हमी होती. हमी कोणाच्या खिशातून? पाणी पिणाऱ्यांच्या. जानेवारी २००० मध्ये नवी बिलं आली आणि काही घरांत ती दुप्पट झाली.

पण केवळ बिलांमुळे शहर पेटलं, असं म्हणणं अपुरं आहे. नव्या कायद्याने कंपनीला त्या क्षेत्रात एकाधिकार मिळत होता. शहराच्या कडेच्या वस्त्यांत सरकारचं पाणी कधी पोचलंच नव्हतं. तिथल्या लोकांनी वर्गणी काढून, अंगमेहनत करून स्वतःच्या विहिरी आणि सहकारी योजना उभ्या केल्या होत्या. आता त्याही कंपनीच्या कक्षेत येणार, ही भीती होती. सरकारने जे कधी दिलंच नाही, ते सरकार विकायला निघालं होतं. म्हणून शहरातले कामगार आणि खेड्यातले शेतकरी एकत्र आले. निदर्शनांत एका सतरा वर्षांच्या मुलाचा गोळी लागून मृत्यू झाला. एप्रिल २००० मध्ये करार रद्द झाला. कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादात नुकसानभरपाई मागितली, आणि २००६ मध्ये जगभरच्या टीकेनंतर नाममात्र रकमेवर तडजोड केली.

ही गोष्ट इथे थांबवली तर ती सिनेमासारखी होते. पुढचं सांगितलं पाहिजे. पाणी पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे आलं, पण शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब भागाला पुढेही कितीतरी वर्षं टँकरवरच राहावं लागलं. करार रद्द करणं एका लढ्यात जमतं, नळ पोचवायला वर्षानुवर्षांचा कारभार लागतो. त्याच बोलिव्हियाने पुढे संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला आणि २८ जुलै २०१० रोजी १२२ देशांनी पाणी हा मानवी हक्क मानला. विरोधात एकही मत नाही, ४१ देश तटस्थ. तटस्थांमध्ये ब्रिटन आणि अमेरिका होते. भारताने बाजूने मत दिलं.

नागपूर आणि मुंबई

आता घरी येऊ. मुंबईत २००६ च्या सुमाराला के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी पूर्व, जोगेश्वरी पूर्व, विलेपार्ले पूर्व ह्या भागात, पाणीवाटप खासगी कंपनीकडे देता येईल का ह्याचा अभ्यास सुरू झाला. अभ्यास जागतिक बँकेच्या मदतीने, आणि सल्लागार कंपनी परदेशी. २००७ मध्ये लोकांसमोर बैठक झाली तेव्हा रहिवासी, कार्यकर्ते आणि पालिकेचे कर्मचारी ह्यांनी जोरदार हरकती घेतल्या. ती योजना तशी पुढे गेली नाही.

नागपूरने मात्र पाऊल टाकलं. आधी धरमपेठ भागात प्रायोगिक प्रकल्प, आणि मग १ मार्च २०१२ पासून संपूर्ण शहराचं वितरण २५ वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर ह्या कंपनीकडे. तिच्यात फ्रान्सच्या व्हिओलियाचा भाग होता. व्हिओलियाचं मूळ १८५३ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या पाणी कंपनीत आहे, म्हणजे आपल्या विहार तलावापेक्षा ती जुनी. नागपूरचा करार कोचाबांबासारखा नाही, हे नोंदवलं पाहिजे. मालमत्ता महापालिकेची, दर महापालिकेचे. सुरुवातीच्या भांडवलातला मोठा हिस्साही केंद्र आणि राज्य सरकारच्या निधीतून आला. पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी हे उद्दिष्ट होतं. ती मुदत उलटून गेली आणि उद्दिष्ट पुरं झालं नाही. समर्थक वस्त्यांमधल्या नव्या नळजोडण्या दाखवतात, विरोधक बिलांच्या तक्रारी दाखवतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पाणीपट्टीत दरवर्षी ५ टक्के वाढीची तरतूद उपविधीतच करून ठेवलेली आहे. म्हणजे वाढ करताना दरवर्षी नगरसेवकाला सभागृहात हात वर करावा लागत नाही. आणि तक्रार घेऊन गेलं की पालिका म्हणते कंपनीकडे जा, कंपनी म्हणते धोरण पालिकेचं. जबाबदारी दोघांत विभागली की ती दोघांचीही राहत नाही.

पण थांबा. मुंबईचं पाणी सार्वजनिकच राहिलं, म्हणून तिथे सगळं आलबेल होतं का? १९९५ नंतरच्या, पुढे २००० नंतरच्या झोपड्यांना अधिकृत नळ द्यायचा नाही, असं शासनाचं धोरण होतं. कंपनी नव्हती, नफा नव्हता, तरी लाखो माणसांना पाणी नाकारलं होतं. कारण दिलं जायचं कागदपत्रांचं. पाणी हक्क समितीने हायकोर्टात याचिका केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर बेकायदा असेल, म्हणून आत राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. सर्वांना एकाच दराने द्या, असं कोर्ट म्हणालं नाही. देणारच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. आणि ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईचं पाणी येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, हेही ह्याच सार्वजनिक व्यवस्थेत घडतं.

करार वाचताना

मग आपण निष्कर्ष काय काढायचा? आम्ही आमचं मत लपवत नाही. पाणी सार्वजनिक संस्थेकडे असावं, असं आम्हाला वाटतं. त्याचं कारण पालिका चांगल्या असतात हे नव्हे. पालिकेला जाब विचारण्याचे मार्ग अजून आपल्याकडे आहेत : मत आहे, माहितीचा अधिकार आहे, मोर्चा आहे, कोर्ट आहे. पण हे मार्ग वापरले नाहीत, तर सार्वजनिक पाणीसुद्धा चवदार तळ्यासारखं होतं. ठरावात खुलं आणि प्रत्यक्षात बंद.

म्हणून तुमच्या गावात अशी योजना आली, खासगी असो की सरकारी, तर काही प्रश्न जरूर विचारा. बिल थकलं तर पाणी तोडण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तोडण्याआधी ऐकून कोण घेणार? दरवाढ दरवेळी मतदानाने होणार, की आपोआप? नफ्याची हमी आहे का, आणि तोटा झाला तर तो कोण भरणार? लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरींचं, बोअरचं काय होणार? ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांना पाणी कसं मिळणार? आणि करार मराठीत, सही होण्याआधी, वाचायला मिळणार का?

ह्या प्रश्नांची उत्तरं करारात लिहिलेली असतात किंवा मुद्दाम लिहिलेली नसतात. महाडच्या लोकांना दहा वर्षं कोर्टात उभं राहावं लागलं, कारण तळं कोणाचं हे आधी कोणी नीट लिहून ठेवलं नव्हतं. आपल्याला निदान वाचता येतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.